अल्सेशियनची दृष्ट

मला कुत्र्यांची हौस कधीच नव्हती, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक लगेच आपापल्या कुत्र्यांचं कौतुक सांगायला बसतात आणि मला मान डोलवावी लागते. मी कुत्रा पाळलेला नाही. एके वर्षी दसऱ्यापासून थंडीपर्यंत एक कुत्रा आमच्या घरी राहायला होता, एवढंच. त्याने माझ्या दोन चपला, एक उशी आणि बराचसा तोरा खाऊन टाकला.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. माझं नवं लग्न झालेलं. आमचे हे पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकीच्या दिवशी बैलगाडीवाले यांनाच डॉक्टर म्हणत आणि हेही ती हाक ऐकून न ऐकल्यासारखी खुशाल ऐकून घेत. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि सासूबाई. सासूबाई गव्हाणच्या, मिठागरवाल्यांच्या लेक. मी शहरगावातली, सातवी झालेली, म्हणजे माझ्या मते पंडिता. बाजारातल्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. समोर भांड्यांची दुकानं, शेजारी तांबटाचं ठोकाठोकीचं काम, कोपऱ्यावर टांग्यांचा अड्डा आणि मागच्या बाजूला भाताची गिरणी. त्या घरात कुजबुज करायची सोयच नव्हती. नवीन लग्न झालेल्या माणसांनासुद्धा ओरडूनच बोलावं लागे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक जुनी मोटार दवाखान्यासमोर थांबली. मी यांचा डबा घेऊन गेले होते म्हणून मला सगळं पाहायला मिळालं. मोटारीतून पुण्याच्या रस्त्यावरच्या बंगल्यातल्या पारशीणबाई उतरल्या. साठीच्या, उंच, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आतून कोणीच उतरलं नाही. मी वाकून पाहिलं तर सीटखाली एक भला मोठा अल्सेशियन कुत्रा स्वतःची घडी करून बसला होता. काळी पाठ, सोनेरी पाय, राजासारखं तोंड, आणि अंगाला असं कापरं की मोटार बंद होऊनही चालूच आहे असं वाटावं.

"भीतीची काही गोळी आहे काय तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

हे म्हणाले, "कोणाला, बाई?"

"मला कशाला? ह्याला."

मग बाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला अल्सेशियनांचं वेड होतं. वर्षानुवर्षं त्याने एकच वंश निगुतीने वाढवला होता आणि हा त्यातला शेवटचा. मागच्या थंडीत तो ह्याला मुंबईच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेला. पंच ह्याच्याजवळ आले, हात लावणार इतक्यात पलीकडे कोणाला तरी कप मिळाला म्हणून टाळ्या वाजल्या. हा तडक पंचांच्या टेबलाखाली घुसला, टेबलावरचं कापड अंगावर ओढलं आणि कापडाबरोबर सगळे चांदीचे कप खाली आले. लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, या वंशाचे सगळेच असे, रूप आहे पण काळीज नाही.

"माझा धनी सगळ्यांसमोर बोलला," बाई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी हाच कुत्रा इथे उभा राहील. आणि उन्हाळ्यात तो गेला." त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "मला कप नको. पहिला नंबर नको. हा नुसता उभा राहायला पाहिजे. त्याचा शब्द आहे."

हे गुरांच्यातले. त्यांनी कुत्र्याचे डोळे बघितले, जीभ बघितली, आणि म्हणाले, "बाई, गोळीने हा झोपेल, धीट नाही होणार. तुमच्या बंगल्यात तुम्ही, स्वयंपाकी आणि आंब्याची झाडं. ह्याने जग बघितलंय कुठे? ह्याला माणसं दाखवायला हवीत. गोंगाट ऐकवायला हवा."

आणि मग, मला न विचारता, स्वतःच्या आईला न विचारता, हा गृहस्थ म्हणाला, "आमच्या घरी राहू दे. गोंगाटाला आमच्याकडे तोटा नाही."

सासूबाईंनी दारातच हात आडवा धरला. "लांडगा हाय ह्यो. लांडग्याला कोन घरात घेतो?" एवढ्यात समोरच्या दुकानात पितळी परात पडली. लांडगा एका उडीत सासूबाईंच्या मागे गेला आणि त्यांच्या नऊवारीत तोंड खुपसून उभा राहिला. सासूबाईंनी मान वळवून खाली पाहिलं. "आगं बाय, ह्यो तर पोर हाय," त्या म्हणाल्या. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि कागदावर दोन ओळी भरेल इतकं लांब होतं. पण आमच्या घरात त्या दिवसापासून तो पोरच झाला.

पोराला धीट करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. शिकलेली मी होते ना. माझी पद्धत अशी: सकाळी त्याला घेऊन ओट्यावर बसायचं आणि जे जे येईल त्याची ओळख करून द्यायची. "हा बघ टांगा. टांग्याला घाबरायचं नाही. हा बघ घोडा, किती गरीब आहे. ते काका ना, ते चांगले आहेत, घाबरू नको हं, घाबरू नको." दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू. गल्लीतली माणसं येता-जाता थांबून ऐकत. समोरचा भांडीवाला म्हणाला, "वहिनी, शाळा कधी सुटते?"

तसा थोडा गुण आला, नाही असं नाही. तांबटाची ठोकाठोक त्याला आठवड्याभरात पाठ झाली. गिरणीचा भोंगा वाजला की तो आधी बाजेखाली जाई, मग नुसता उठून उभा राही, आणि पुढे पुढे तर जांभई देऊ लागला. टांग्याच्या घोड्याशी तर त्याची मैत्रीच झाली. पण माणसाचा हात म्हटला की संपलं. अनोळखी माणूस हात पुढे करून जवळ आला की पोर पोट टेकवून जमिनीला चिकटायचं, जणू कोणी त्याला तिथे सारवलंय. दिवाळी झाली तरी तसंच. मी "घाबरू नको" म्हणत राहायची आणि तो घाबरत राहायचा. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण गाढव निदान कालचाच गोंधळ करतं. हा रोज नवा करायचा.

बाई दर शनिवारी मोटार घेऊन भेटायला येत. पोर त्यांच्या अंगावर झेपावे, बाई खूश होत. मग त्या मला लेकीसारखं विचारत, "डिकरी, परक्याला हात लावू देतो?" मी म्हणे, "देईल, बाई." एके शनिवारी त्यांनी विचारलंच नाही. नुसता चहा पिऊन, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या. मला फार लागलं ते. त्या रात्री मी यांच्यावर उगीचच चिडले. तुम्हाला कोणी सांगितला होता हा उद्योग, बाईंना खोटी आशा दाखवलीत, वगैरे. हे जेवत राहिले. सासूबाई मात्र पाटावरून म्हणाल्या, "त्याला दृष्ट हाय."

मी म्हटलं, "अहो, कुत्र्याला कसली दृष्ट?"

"कुत्र्याला नाय तर कोनाला? तुला?" सासूबाई म्हणाल्या. "तू त्याला रोज ओट्यावर मांडून बसतेस. आख्खं पनवेल येऊन बगतंय. येवढं देखनं जनावर, लोकांचे डोले काय मऊ आसतात?"

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी माहेरच्या मिठागरातलं खडेमीठ काढलं. बाजारच्या मिठावर त्यांचा विश्वास नव्हता. बाजारचं मीठ वरणात घालायचं, दृष्टीला गव्हाणचंच. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. पोराला चुलीसमोर पूर्वेकडे तोंड करून उभं केलं आणि मला बजावलं, "मीठ चुलीत पडंपर्यंत कोनी तोंड उघडायचं नाय. तू तर नायच."

ज्यांच्या घरी दृष्ट काढतात त्यांना ठाऊक आहे. मूठ डोक्यापासून उतरवत खालपर्यंत न्यायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. माणसाच्या बाबतीत ती पायाच्या नखांपर्यंत जाते. सासूबाईंनी मनाशी हिशेब केला की कुत्रा आडवा असतो, म्हणून मूठ कपाळापासून मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या टोकापर्यंत नेली. मग एकेका पायावरून उतरवली. मग त्याच्याभोवती फिरून दुसरी बाजू. ओठांतल्या ओठांत त्यांचं चालू होतं: आल्याची, गेल्याची, टांगेवाल्याची, भांडीवाल्याची, जी लागली आसंल ती जलून जावो. मी तोंड घट्ट मिटून बसले होते. पोर थरथरत होतं, पण बसलं नाही.

मग मीठ चुलीत पडलं आणि असं तडतडलं की पोर थेट बाजेखाली. सासूबाईंच्या तोंडावर समाधान मावेना. "आयकलंस? किती व्हती बग." मग त्यांना त्याची दया आली. भ्यालेल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं ही त्यांची रीत. त्यांनी निखाऱ्यावर एक सुका बोंबील भाजला आणि बाजेखाली सरकवला. बाजेखालून फक्त कुरकुर आवाज आला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मीठ काढलेलं पाहून मी म्हटलं, "रोज रोज कुठे दृष्ट काढतात?"

"लोक रोज बगतात ना? मग रोज काढायला नको?"

आणि मग जे झालं ते हळूहळू झालं. मी तर शेवटपर्यंत मान्य करायला तयार नव्हते. तिन्हीसांज झाली की पोर आपण होऊन चुलीपुढे जाऊन उभं राहू लागलं. पूर्वेला तोंड, चारी पाय जमिनीवर, मान ताठ. सासूबाईंचा हात डोक्यावरून शेपटीपर्यंत गेला तरी हूं की चूं नाही. मीठ तडतडलं की आता तो बाजेखाली जायचा नाही. कान टवकारून बोंबलाच्या डब्याकडे बघायचा.

एके संध्याकाळी हे दवाखान्यातून लवकर आले आणि दाराशीच उभे राहून हा सगळा सोहळा पाहत राहिले. मीठ पडलं, बोलायची मोकळीक झाली तसे म्हणाले, "आई, तू काय करतेस तुला कळतंय का?"

"दृष्ट काढते."

"प्रदर्शनातले पंच हेच करतात. भोवती फिरतात, डोक्यावरून हात नेतात, पाठ चाचपतात, पाय बघतात, शेपटी बघतात. आणि टाळ्या..." त्यांनी चुलीकडे बोट केलं.

मला एकदम टाळ्या ऐकू आल्या. खरंच तसाच आवाज होता.

"आणि दुसरं," हे माझ्याकडे बघून जरा घाबरतच म्हणाले, "इथे कोणी बोलत नाही. तू त्याला दिवसभर घाबरू नको, घाबरू नको म्हणत होतीस. तो बिचारा म्हणत असेल, घाबरण्यासारखं काहीतरी नक्कीच असणार, नाहीतर ही बाई एवढी कशाला बडबडते."

मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. गंमत म्हणजे त्या दोन दिवसांत पोराने दूधवाल्याचा हात चाटला.

सासूबाईंना मात्र पंच-बिंच काही पटलं नाही. "तुमचा पंच काय करायचा तो करू दे. मी दृष्ट काढते." पण बाकी गल्लीला आम्ही कामाला लावलं. आज भांडीवाला, उद्या तांबट, परवा टांगेवाला. रोज नव्या माणसाने येऊन दृष्ट काढायची. सासूबाई शेजारी उभ्या राहून चुका सुधारत. तांबटाने मूठ उलटी फिरवली म्हणून त्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. टांगेवाला मुसलमान होता. तो म्हणाला, "आमच्यात नजर उतारतात, तीच ना?" आणि आपल्या पद्धतीने उतरवली. पोराला सगळ्या पद्धती चालत, शेवटी बोंबील आला म्हणजे झालं. पंच दातही बघतात, ते काम यांनी केलं. रोज बैलांचे ओठ उचलून दात बघितलेले, कुत्र्याचे बघायला कितीसा वेळ? पंचांसारखं डोक्यावर हॅट असलेलं माणूस तेवढं मिळत नव्हतं, ती यांनी डॉक्टरांकडून उसनी आणली आणि भांडीवाल्याच्या डोक्यावर ठेवली. तो दिवसभर ती काढेना.

पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा आम्ही त्यांना चुलीपुढे बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. हॅट घातलेल्या भांडीवाल्याने दृष्ट काढली. पोर खांबासारखं उभं राहिलं. बाईंनी पदर तोंडावर धरला. मला वाटलं रडतात की काय, पण त्या हसत होत्या. "आमच्यात अंडं ओवाळतात," त्या म्हणाल्या. "माझ्या धन्याला हे सगळं खोटं वाटायचं."

"पुरुषांना खोटंच वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "आनि मग पयले तेच आजारी पडतात." त्यांचे स्वतःचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे बाईंची मोटार दाराशी आली. हे, मी आणि बाई, आणि मागे खिडकीतून तोंड काढलेलं पोर. सासूबाईंना मुंबईला यायचं नव्हतं. त्यांनी भाजलेले बोंबील फडक्यात बांधून बाईंच्या पर्समध्ये ठेवले आणि मला सांगितलं, "त्याचं तोंड पूर्वेला पायजे. इसरू नको."

मैदानावर इतके कुत्रे मी जन्मात पाहिले नव्हते. कोणाची शेपूट कापलेली, कोणाच्या अंगावर लोकरीची शाल. माणसं कुत्र्यांपेक्षा नटलेली. मला माझी नऊवारी एकदम डोळ्यांत खुपायला लागली, पण मी म्हटलं, बघा काय बघायचं ते, घरी मीठ आहे. दोरीच्या आत बाई स्वतः पोराला घेऊन उभ्या राहिल्या. पट्टा त्यांनी हाताला दोनदा गुंडाळला होता. दोरीच्या पलीकडे काही वयस्क गृहस्थ खुर्च्यांवर बसले होते. त्यांतल्या एकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं आणि टेबलाखाली बोट दाखवलं. ते मी पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

पूर्व कुठली हे मला तिथे कळेना. ऊन बघून अंदाज केला आणि दोरीवरून बाईंना हाताने खुणा केल्या. बाईंनी पोराला वळवलं. पंच आले. उंच, हॅटवाले. त्यांनी भोवती एक फेरी मारली. माझ्या तोंडावर "घाबरू नको" आलं होतं. मी माझाच पदर दातांत धरला. पंचांनी डोक्यावर हात ठेवला, मानेवरून, पाठीवरून खाली नेला. ओठ उचलून दात पाहिले. पाय चाचपले. पोर उभं. आणि ते शेपटीपर्यंत पोचले तोच पलीकडे कोणाला तरी कप मिळाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पोराने कान टवकारले. मान वळवून टाळ्यांकडे पाहिलं. मग बाईंच्या पर्सकडे पाहिलं आणि जिभेने ओठ चाटले.

पंच हसले. बाईंनी पर्स उघडली. त्यांचे डोळे इतके भरले होते की बोंबलाऐवजी आधी किल्ल्या निघाल्या, मग अत्तराची बाटली. शेवटी बोंबील निघाला आणि त्याच्या वासाने आजूबाजूच्या सगळ्या शालवाल्या कुत्र्यांची शिस्त पार बिघडली.

पोराचा तिसरा नंबर आला. पंच म्हणाले की मागचे पाय थोडे कमी पडतात, पण स्वभाव उत्तम. आम्ही निघताना खुर्चीवरचे ते गृहस्थ, कोपराने ढोसणारे, उठून बाईंजवळ आले आणि त्यांनी हॅट काढली. इंग्रजीत काहीतरी म्हणाले. बाईंनी नुसती मान हलवली. परतीच्या वाटेवर त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आता मला तेवढं यायला लागलं होतं.

पनवेलला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई उंबऱ्यावर मूठ वळून तयारच उभ्या. नंबर कितवा आला ते विचारलंसुद्धा नाही. पोराला बाहेरच थांबवून दृष्ट काढली, मीठ चुलीत टाकलं, बोंबील दिला. मग दुसरी मूठ भरून त्या बाईंकडे वळल्या.

"बसा, बाय. आज तुमालाबी लोकांनी लय बगलं."

बाई पाटावर बसल्या. आपण होऊनच पूर्वेकडे तोंड केलं. सासूबाईंची मूठ त्यांच्या पांढऱ्या केसांवरून उतरली, खांद्यांवरून, हातांवरून, कॅनव्हासच्या बुटांपर्यंत. उन्हाळ्यापासून त्यांच्या अंगावरून असा कोणाचा हात फिरला नसावा. त्यांना कापरं भरलं. पोर उठून गेलं आणि त्यांच्या खांद्याला अंग टेकून उभं राहिलं.

मीठ तडतडलं.

"लय व्हती," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे पुसले. "त्याचा शब्द राहिला," त्या म्हणाल्या.

"राहिला," सासूबाई म्हणाल्या. "आता जेवा."

त्या दिवशी बाई आमच्याकडे पाटावरच जेवल्या आणि भात मागून घेतला.